ऋण मानण्याची एक रीत : लक्ष्मीबाई टिळक आणि टिळकांची श्रद्धा

रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या ख्रिस्ती श्रद्धेवर मराठीत बरेच लिहिले गेले आहे. लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'वर त्याहूनही अधिक. मात्र या दोन गोष्टींना जोडणारा एक प्रश्न क्वचितच विचारला जातो. पतीच्या ज्या श्रद्धेने संसार मोडला, त्याच श्रद्धेविषयी पत्नीच्या मनात पुढे कृतज्ञता कशी उपजली? आणि ती तिने कोणत्या रूपात व्यक्त केली?

आधी नुकसान पाहू. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन प्रवाशाने टिळकांच्या हाती नवा करार ठेवला. त्यातल्या डोंगरावरील प्रवचनाने ते भारावून गेले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. लक्ष्मीबाई तेव्हा माहेरच्या माणसांत होत्या आणि मुलगा दत्तू लहान होता. पती हयात असून संसार संपला, अशी त्यांची अवस्था झाली. ज्या घरात त्या वाढल्या तिथे वडिलांच्या सोवळ्याला सीमा नव्हती. 'स्मृतिचित्रे'ची सुरुवातच त्या सोवळ्याने होते. अशा घरच्या मुलीला हा घाव किती खोल गेला असेल, ते वेगळे सांगायला नको.

इथे त्या काळचा कायदा लक्षात घेतला पाहिजे. १८६६ च्या एकविसाव्या कायद्याने ख्रिस्ती झालेल्या एतद्देशीयाला एक वाट मोकळी करून दिली होती. धर्मांतरामुळे जोडीदार सलग सहा महिने दूर राहिला, तर न्यायालयात दाद मागता येई. त्यानंतर वर्षभराची मुदत देऊनही जोडीदार नांदायला तयार झाला नाही, तर विवाह रद्द होई आणि दुसरे लग्न करायला आडकाठी उरत नसे. टिळक या वाटेला गेले नाहीत. ताटातूट चार-पाच वर्षे चालली. कायद्याच्या मुदतीपेक्षा कितीतरी अधिक. स्वभावाने टिळक विलक्षण उतावळे आणि तापट होते. मनात आले की घर सोडून निघायचे, हातात पैसा आला की तो कुणाला तरी देऊन मोकळे व्हायचे, असा त्यांचा खाक्या. अशा माणसाने बायकोच्या बाबतीत इतका धीर धरला, ही या कहाणीतली पहिली महत्त्वाची गोष्ट.

दुसरी गोष्ट त्या एकत्र राहू लागल्यानंतरची. लक्ष्मीबाई आल्या त्या आपला धर्म आणि आपले सोवळे घेऊन. नवरा ख्रिस्ती आणि बायको सोवळ्यातली, असा संसार काही काळ चालला. सोवळे सुटले ते त्यांच्या स्वतःच्या विचाराने. राहुरीत असताना त्या मनाशी तर्क करत गेल्या. माणसे देवाने घडवली, मग जाती कुणी केल्या? त्या माणसांनी केल्या, असे उत्तर मिळताच कुणाच्याही हातचे खायचे-प्यायचे त्यांनी ठरवले. बाप्तिस्मा १९०० मध्ये, त्यानंतर झाला. हा क्रम मला अर्थपूर्ण वाटतो. आधी माणसांमधला भेद गळाला, मग श्रद्धा आली. नवऱ्याच्या पावलावर पाऊल टाकणाऱ्या पतिव्रतेची ही गोष्ट नव्हे. लग्नात, बिऱ्हाडे हलवण्यात, एवढेच काय ताटातुटीतही ज्या बाईला कुणी विचारले नव्हते, तिने आयुष्यातला सर्वांत मोठा निर्णय स्वतःच्या बुद्धीने घेतला. तशी मोकळीक टिळकांनी दिली, हेच लक्ष्मीबाईंवरचे खरे ऋण.

तिसरी गोष्ट भाषेची. आपण तुकारामांच्या वाटेने ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, अशी टिळकांची धारणा होती. त्यांची भक्ती अभंगांतून, कीर्तनांतून बोलत होती. त्यामुळे धर्म बदलला तरी घरातली बोली बदलली नाही. शाळेचे तोंड न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंना ओवी-अभंग कानाने ठाऊक होते, आणि नव्या घरातही त्यांना तेच ऐकू आले. पुढे या घरात अनाथ मुले वाढली, बालकवींनाही माया मिळाली. जातीच्या चौकटीत राहिलेल्या घराला हे साधले नसते.

म्हणून लक्ष्मीबाईंच्या कृतज्ञतेची तऱ्हाही वेगळी आहे. १९१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या रमाबाई रानड्यांच्या आठवणींत पतीविषयीचा आदर पानोपानी हात जोडून उभा असतो. १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत आलेल्या 'स्मृतिचित्रे'त मात्र टिळकांचा राग, त्यांचा विसराळूपणा, त्यांचे अव्यवहारी औदार्य असे सारे काही उघड्यावर येते. लक्ष्मीबाई त्याला हसतात आणि स्वतःलाही हसतात. हे हसणे उपकाराच्या ओझ्याखाली दबलेल्या माणसाचे नाही. ज्याच्याशी बरोबरीचे नाते आहे, त्याच्याच उणिवा असे खुलेपणाने सांगता येतात. झालेली जखमही त्या झाकत नाहीत. ताटातुटीच्या काळातले हाल त्यांनी पुढच्या सुखाने पुसून टाकलेले नाहीत.

उरले ते कृतीने फेडलेले ऋण. १९१९ मध्ये टिळक वारले, तेव्हा ओवीबद्ध 'ख्रिस्तायन' जेमतेम दहा अध्याय आणि अकराव्याचा काही भाग इतकेच झाले होते. पुढचे ६४ अध्याय लक्ष्मीबाईंनी रचले. १९३६ मध्ये त्यांचे निधन झाले आणि १९३८ मध्ये देवदत्त टिळकांनी तो ग्रंथ प्रसिद्ध केला. एकेकाळी जिचे घर या श्रद्धेमुळे उजाड झाले, तिनेच त्या श्रद्धेच्या महाकाव्याचा मोठा भाग लिहावा, याला नुसती पतिनिष्ठा म्हणणे अपुरे आहे. दुसऱ्याचे अपुरे काम तडीस नेताना ते आपलेही असावे लागते.

भिन्नधर्मीय संसाराची चर्चा आपण बहुधा कुणी कुणाला वळवले, याच प्रश्नापाशी थांबवतो. टिळकांच्या घराकडे पाहिले, तर विचारावे असे प्रश्न दुसरेच निघतात. श्रद्धा असलेल्याने दुसऱ्याची वाट किती काळ पाहिली? आणि घरातल्या दुसऱ्या माणसाला स्वतःचा विचार करायला जागा ठेवली का? लक्ष्मीबाईंनी या दोन्ही प्रश्नांची उत्तरे जमेच्या बाजूला मांडली, आणि खर्चाची बाजूही तितक्याच प्रामाणिकपणे लिहून ठेवली. म्हणून त्यांच्या कृतज्ञतेवर आजही विश्वास बसतो.