गोदामाचं फ्लोअर जोडावरच का फुटतं? सगळा खेळ गुळगुळीत सळईचा

हैदराबाद : मेडचल, शमशाबाद, पटानचेरू... नागपूरकडचा महामार्ग ४४ असो की सोलापूरकडचा ६५, शहराचा १५८ किलोमीटरचा आउटर रिंग रोड जवळ आला की गोदामांचे शेड दिसू लागतात. नांदेड, उदगीर, बिदरहून माल घेऊन जाणाऱ्यांना ते ओळखीचे. असं नवंकोरं शेड, वर पत्रे चकाचक आणि आतलं काँक्रीट मात्र एक-दोन वर्षांतच जोडावर फुटलेलं! मधला भाग ठणठणीत, कडा तेवढ्या झडलेल्या. खापर फुटतं सिमेंटवर. खरी गडबड अनेकदा जोडातल्या सळईची असते. साइटवर तिला डॉवेल म्हणतात.

मुळात जोड कशाला? काँक्रीट वाळताना आकसतं. एकसंध टाकलं तर ते कुठेही वेडंवाकडं तडकणार. म्हणून ओतल्यावर साधारण दिवसाच्या आत, चार-साडेचार मीटरवर कटर मारतात. तडा गेला तर त्या खाचेखालीच जावा. सुरुवातीला तडा बारीक असतो, दोन्हीकडची खडी एकमेकांत अडकलेली असते. पण आकसणं महिनोन् महिने चालतं. फट रुंदावली की खडीची पकड सुटते. शिवाय वरचा थर आधी वाळतो, त्यामुळे कडा उन्हातल्या पापडासारख्या किंचित उचलतात आणि खाली पोकळी राहते.

आता त्यावरून फोर्कलिफ्ट जाते. तिची चाकं बहुधा लहान नि टणक, ट्रकच्या हवेच्या टायरसारखी दबणारी नाहीत. अलीकडची कडा वजनाने खाली जाते, पलीकडची वरच राहते आणि चाक तिच्यावर आदळतं. खट्! दिवसभर तेच. कपची उडते, खड्डा वाढतो, तसा दणकाही वाढतो. पोत्यांची थप्पी हलते आणि ड्रायव्हरच्या कमरेचे हाल होतात, त्याचा हिशेब कुठल्याच एस्टिमेटमध्ये नसतो.

डॉवेल ही आडवी सळई, अर्धी या स्लॅबमध्ये, अर्धी त्या. एका कडेवर वजन आलं की त्यातला वाटा ती पलीकडे पोचवते, मग दोन्ही कडा जवळपास बरोबरीने दबतात.

घोळ होतो तो इथे. ‘सळईच आहे ना, मग घट्ट धरू दे,’ म्हणत हाताशी असलेली कंगोऱ्यांची टीएमटी टाकली जाते. ती दोन्हीकडचं काँक्रीट धरून ठेवते, जोड उघडत नाही आणि तडा भलतीकडेच जातो. डॉवेलचं काम दाराच्या अडसरासारखं. अडसर आपल्या लांबीत मोकळा सरकतो, पण दाराला हलू देत नाही. म्हणून डॉवेल साधा, गुळगुळीत हवा आणि त्याची एक बाजू तरी प्लॅस्टिकची नळी किंवा लेप देऊन मोकळी ठेवलेली हवी.

रस्त्यांसाठी इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी ५८ मध्ये २५० मिमी जाड स्लॅबला ३२ मिमी व्यासाचे, ४५० मिमी लांबीचे डॉवेल दर ३०० मिमीवर सुचवलेले आहेत. गोदामाचं फ्लोअर सहसा याहून पातळ, त्यामुळे हा आकडा तसाच उचलू नये. तो इंजिनिअरकडून घ्यावा. हल्ली चपट्या पट्टीचे डॉवेलही मिळतात, त्यातले काही बाजूलाही थोडी हालचाल होऊ देतात.

माप बरोबर असूनही काम बिघडतं ते बसवताना. सगळे डॉवेल एकमेकांना समांतर, स्लॅबच्या साधारण मध्यावर आणि पक्क्या चेअरवर हवेत. तिरका बसलेला डॉवेल जोड जाम करतो. त्यांची मधली रेघ ओतण्याआधीच साइड शटरिंगवर खुणेने मारून ठेवायची, कारण नंतर खाली काहीच दिसत नाही. कटर वीतभर सरकला तर डॉवेल जवळजवळ पूर्ण एकाच बाजूला राहतो, म्हणजे असून नसल्यासारखा.

एक मात्र खरं, कच्च्या भरावाला डॉवेल हा इलाज नाही. हैदराबादची जमीन ग्रॅनाइटची. साइट सपाट करताना अर्धं शेड खडकावर आणि अर्धं भरावावर येऊ शकतं. भराव थराथराने नीट दाबला नाही तर तो बसणार आणि फ्लोअरही त्याच्यामागे जाणार.

फुटलेल्या जोडात नंतरही खाचा पाडून डॉवेल बसवता येतात. पण त्यासाठी तिथला माल हलवावा लागतो आणि खाचेतला मसाला पुरेसा ताकदीला येईपर्यंत त्या पट्ट्यावरून फोर्कलिफ्ट नेता येत नाही.