पिल्लाला दोरीने चालायला शिकवताना

सकाळचे फिरणे प्रकृतीला चांगले, हे आता कोणाला सांगावे लागत नाही. सोबतीला कुत्रा असला तर फिरण्यात खंडही पडत नाही. मात्र हाच कुत्रा साखळीला हिसडा देऊन धावणारा असेल, तर वयस्कर माणसाचे मनगट किंवा खुब्याचे हाड मोडायला एकच हिसडा पुरतो. आज मांडीवर मावणारे लॅब्रेडॉरचे पिल्लू वर्षभरात २५ ते ३० किलोचे होते. तेव्हा शिकवायचे ते आताच शिकवावे.

पिल्लू दोरी ओढते ते हट्टी असते म्हणून नव्हे. एक तर त्याची चाल आपल्यापेक्षा वेगाची. दुसरे म्हणजे, ओढले की पुढे जायला मिळते हे आपणच त्याला शिकवतो. त्याला पलीकडच्या खांबाचा वास घ्यायचा असतो. ते दोरी ताणते, आपण त्याच्यामागे चार पावले जातो, खांब मिळतो. झाला धडा पक्का! मग तोच धडा विसरायला लावण्यासाठी आपण त्याला झटके देतो, ओरडतो. बिचाऱ्याला यातले काहीच उमगत नाही.

सुरुवात घरातच करावी. पिल्लू दोन महिन्यांचे झाले की हलका कापडी पट्टा गळ्यात घालावा. पट्टा आणि मान यांत दोन बोटे सहज गेली पाहिजेत. पिल्लाची मान भराभर वाढते, म्हणून दर आठवड्याला पट्टा तपासावा. पट्टा रुतून गळ्याला जखम झालेली पिल्ले पशुवैद्यकांकडे नेहमी येतात. पहिले दोन दिवस ते मान खाजवील, लोळेल. लक्ष देऊ नये. नंतर पाच-सहा फुटांची हलकी दोरी लावून ती नजरेसमोर तशीच ओढत फिरू द्यावी. लोखंडी साखळी मात्र नको. तिचे ओझे कोवळ्या मानेवर पडते. पामेरियनसारख्या लहान जातींची श्वासनलिका नाजूक असते. त्यांना गळ्याऐवजी छातीचा पट्टा बरा.

आता खरा धडा. जेवणाआधी, पिल्लाला थोडी भूक असताना, अंगणात किंवा ओसरीवर न्यावे. हातात उकडलेल्या अंड्याचे किंवा भाकरीचे नखाएवढे तुकडे ठेवावेत. (चॉकलेट, मनुका, कांदा कुत्र्याला विषारी, खाऊ म्हणूनही देऊ नयेत.) एक पाऊल टाकावे. पिल्लू आपल्या पायाशी आले की तिथेच, आपल्या गुडघ्याजवळ, तुकडा द्यावा. पुन्हा दोन पावले, पुन्हा तुकडा. दोरी ताणली गेली की जागच्या जागी उभे राहावे. ओढायचे नाही, बोलायचे नाही. पिल्लू थोडा वेळ ताणून पाहील, मग वळून आपल्याकडे बघेल आणि दोरी सैल पडेल. त्याच क्षणी शाबासकी द्यावी आणि चालू लागावे. दोरी सैल तर रस्ता मोकळा, ताठ तर रस्ता बंद, एवढेच त्याला कळायला हवे. एका वेळी पाच मिनिटे पुरेत. घरातल्या सर्वांनी मात्र हाच नियम पाळावा. आई थांबते आणि बाळू पळत सुटतो, असे चालले तर महिनाभराची मेहनत वाया जाते. दोरी मनगटाला गुंडाळून कोणीही धरू नये.

रस्त्यावर नेण्याची घाई नको. पार्व्हो आणि डिस्टेंपरची लस ६ ते ८ आठवड्यांपासून सुरू होते आणि तीन-चार आठवड्यांच्या अंतराने १६ आठवड्यांपर्यंत द्यावी लागते. रेबीजची साधारण तीन महिन्यांनी. पार्व्होचा विषाणू विष्ठेतून मातीत पडला की महिनोन्महिने टिकतो. म्हणून लसीकरण पूर्ण होईपर्यंत, भटकी कुत्री वावरतात तिथे पिल्लू खाली ठेवू नये. पण घरात कोंडूनही ठेवू नये. पहिले तीन महिने नव्या गोष्टी स्वीकारण्याचे वय असते. कडेवर घेऊन रिक्षा, वरातीची वाजंत्री, बाजार दुरून दाखवावा. असे पिल्लू पुढे हॉर्नला बिचकून हिसडा देत नाही.

वैशाख-ज्येष्ठात डांबरी रस्ता तापतो. तळहाताची मागची बाजू रस्त्यावर पाच-सात सेकंद टेकवता येत नसेल, तर पिल्लाचे तळवेही भाजतील.

शिकवताना पिल्लू दोरी चावते, कधी बोटही. त्याचे दुधाचे दात सुईसारखे असतात. ओरखडा उठला तरी जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. वर हळद, तिखट, चुना लावू नये. पोटात टोचायच्या त्या १४ इंजेक्शनांची भीतीही नको. ती जुनी लस भारतात २००४ अखेर बंद झाली असून आता इंजेक्शने दंडात देतात.

दोरी सैल असतानाही पिल्लू वारंवार खोकत असेल, लवकर दमत असेल किंवा एक पाय उचलून चालत असेल, तर शिकवणे थांबवून पशुवैद्यकांना दाखवावे.