मासळीचा माग आणि दहा मीटर तार

नेरळ-कर्जतचा डोंगरी पट्टा आणि करंजा, रेवस, थळ, रेवदंड्याचा किनारा एकाच रायगड जिल्ह्यात येतात. तरीही नेरळच्या बाजारात पिशवी घेऊन उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला मासळीचा भाव तेवढा ठाऊक असतो. ती शोधली कशी जाते, याची कल्पना क्वचितच असते. पूर्वी दोरीला शिसे बांधून पाण्याची खोली वावांत मोजली जाई आणि मासळीचा अंदाज तांडेलाच्या अनुभवावर सोडला जाई. मोठ्या यांत्रिक नौकांवर रुळलेला फिश फाइंडर आता लहान बोटींवरही दिसू लागला आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय सागरी माहिती केंद्राकडून उपग्रहाच्या आधारे संभाव्य मत्स्यक्षेत्राची सूचना मिळते खरी, परंतु ती परिसर सांगते. बोटीच्या थेट खाली काय आहे, हे सांगण्याचे काम या यंत्राचे.

यंत्राचे तत्त्व सोपे आहे. बोटीच्या तळाशी बसविलेला संवेदक पाण्यात ध्वनिलहरी सोडतो आणि त्यांचा प्रतिध्वनी टिपतो. समुद्राच्या पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १५०० मीटर वेगाने जातो. म्हणजे ३० मीटर, अर्थात सुमारे १६ वाव खोलीवरून प्रतिध्वनी परतण्यास सेकंदाचा पंचविसावा भाग पुरतो. हे सारे करणारे लहान यंत्र १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालते आणि साधारणतः एक अँपिअरहूनही कमी वीज घेते. भूक इतकी थोडी असल्यामुळेच त्याच्या वायरिंगकडे दुर्लक्ष होते. हाताशी असलेली एखादी बारीक तार घ्यायची, दुसऱ्या तारेला पिळून जोडायची, वर टेप गुंडाळायची, की काम झाले असे मानले जाते.

मग ऐन वेळी पडदा काळा होतो. दोष यंत्राचा असेलच असे नाही. मोटारसायकलचे बटण दाबताच दिवा क्षणभर मंदावतो, हे प्रत्येकाने पाहिले आहे. पूर्ण भरलेली बॅटरी १२.७ व्होल्टच्या आसपास असते. पण इंजिन सुरू करताना स्टार्टर शंभराहून अधिक अँपिअर ओढू शकतो आणि तेवढ्यापुरता दाब १० व्होल्टपर्यंत घसरतो. बहुतेक यंत्रांची किमान मर्यादाही तीच. त्यात तार बारीक असेल तर भर पडते. बॅटरी यंत्रापासून पाच मीटरवर असली, तर वीज जाऊन परत येण्याचा मार्ग दहा मीटरचा होतो. अर्ध्या चौरस मिलिमीटरच्या तारेत एक अँपिअरला सुमारे ०.३४ व्होल्ट वाटेतच खर्ची पडतात, तर अडीच चौरस मिलिमीटरच्या तारेत जेमतेम ०.०७.

खाऱ्या हवेचा प्रश्न निराळाच. कल्हई नसलेल्या पितळी भांड्यात ताक कळकते, हे जुन्या पिढीला सांगावे लागत नाही. उघड्या तांब्याच्या तारेचेही समुद्रावर तसेच होते. हिरवा गंज आवरणाच्या आतून चढत जातो आणि बाहेरून तार धडधाकट दिसते. यावरचा उपायही स्वयंपाकघरातलाच आहे. बोटींसाठी मिळणाऱ्या चांगल्या तारेचा प्रत्येक धागा कथिलाने कल्हई केलेला असतो. ती महाग पडते, पण दर हंगामाला तार बदलण्यापेक्षा परवडते.

या यंत्राची तार इतर जोडण्यांतून न काढता थेट बॅटरीपासून आणावी. धन आणि ऋण अशा दोन्ही. धन तारेवर उत्पादकाने सांगितलेला फ्यूज, लहान यंत्रांसाठी बहुधा तीन अँपिअरचा, बॅटरीलगतच हवा. अनेकदा तो सोयीसाठी यंत्राजवळ बसविला जातो आणि तेथेच मोठी चूक होते. फ्यूजच्या अलीकडची तार घासून शॉर्ट झाली, तर बॅटरीची सारी ताकद तिच्यातून वाहते आणि तार पेटते. पेट्रोलवर चालणाऱ्या बोटीत याचा अर्थ काय होतो, हे वेगळे सांगावयास नको.

संवेदकाची केबल मात्र वीजपुरवठ्याच्या आणि इंजिनाच्या तारांपासून दूर ठेवावी. परतणारा प्रतिध्वनी अतिशय क्षीण असतो आणि शेजारच्या तारांतील विद्युत गोंगाट त्यात सहज मिसळतो. पडद्यावर ठिपक्यांची दाटी दिसते आणि मासळीच्या आशेने जाळे टाकले जाते. खात्री करून घेण्याचा मार्ग बिनखर्चाचा आहे. इंजिन बंद करावे. ठिपके नाहीसे झाले तर ते मासे नव्हते.

तथापि सर्वांत गंभीर मुद्दा मासळीचा नाहीच. लहान बोटीवर बहुधा एकच बॅटरी असते आणि तिच्यावरच दिवे व व्हीएचएफ वायरलेस संचही चालतो. हा संच ऐकताना अर्ध्या अँपिअरच्या आसपास वीज घेतो; पूर्ण शक्तीने बोलताना मात्र पाच-सहा अँपिअर. रात्रभर चालू राहिलेल्या यंत्राने आणि दिव्यांनी बॅटरी खालावली, तर सोळाव्या आपत्कालीन चॅनेलवर इतरांचे बोलणे ऐकू येते, पण आपली हाक पोहोचत नाही. पाऊण अँपिअर घेणारे यंत्र दहा तासांत साडेसात अँपिअर-तास खाते. घरातील यूपीएसमध्ये असते तशी सात अँपिअर-तासांची बॅटरी त्याला अपुरी पडते, कारण शिशाच्या बॅटरीचा निम्माच साठा वापरणे हिताचे. अठरा अँपिअर-तासांची स्वतंत्र बॅटरी ठेवली, तर स्टार्टरचा धक्का टळतो आणि वायरलेसचा साठाही शाबूत राहतो. हँडल मारून सुरू होणाऱ्या, चार्जिंगची सोय नसलेल्या इंजिनांच्या बोटींना तर ही बॅटरी किनाऱ्यावर नेऊन भरता येते.

दरवर्षी १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. तपासणीस तोच काळ उत्तम. यंत्र चालू ठेवून मल्टिमीटरने आधी बॅटरीवर आणि नंतर यंत्राच्या टोकाशी दाब मोजावा. फरक ०.३ व्होल्टहून अधिक आला, तर नवे यंत्र विकत घेण्याआधी तार आणि सांधे उघडून पाहावेत. दोष बहुधा तळातल्या पाण्यात भिजत पडलेल्या टेपखालीच सापडतो.