भुकेल्याची भाकरी आणि मालकीचा हक्क

आज एका साध्या प्रश्नापासून सुरुवात करू. एखादा माणूस उपाशी मरतो आहे, दुसरा कुठलाच उपाय उरलेला नाही, आणि त्यानं भरल्या घरातली भाकरी उचलली. ही चोरी झाली का? आपल्यातले बहुतेक जण म्हणतील, चोरीच. पण माफ करण्याजोगी. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी दिलेलं उत्तर याच्या पुढे जातं. ते म्हणतात, ही चोरी नव्हेच. मग माफी कशाची?

या उत्तरामागचा विचार नीट पाहू. पृथ्वीवरच्या वस्तू ईश्वरानं सगळ्यांच्या गरजेसाठी निर्माण केल्या, हा कॅथलिक नीतिविचाराचा पाया आहे. मग खासगी मालकी चुकीची का? तसंही नाही. अक्वायनस मालकीच्या बाजूनं तीन कारणं देतात. माणूस स्वतःच्या वस्तूची काळजी जास्त घेतो. कुणी काय सांभाळायचं हे ठरलेलं असलं की गोंधळ होत नाही. आणि भांडणं कमी होतात. तिन्ही कारणं व्यवहाराची आहेत, हे लक्षात घ्या. म्हणून ते एक भेद करतात. वस्तू सांभाळण्याचा अधिकार माझा. वापरताना मात्र ती सर्वांची समजायची, गरजवंताला देण्याची तयारी ठेवायची. एरवी कुणाला किती द्यायचं हे मालकानं ठरवावं. पण गरज उघड आणि जिवावरची असेल, तर मालकीची व्यवस्था बाजूला होते आणि मूळचा हक्क वर येतो.

लोभाचा विचारही इथूनच निघतो. आपल्याकडे लोभ षड्रिपूंमध्ये आहे, तिकडे तो सात मुख्य पापांमध्ये. धन हे जगण्याचं साधन. साधनाला माप असतं. ते माप सुटलं की लोभ. अक्वायनस असंही म्हणतात की बाह्य संपत्ती एकाकडे अतोनात साठली की दुसऱ्याला कमी पडते. यावर आजचा अर्थशास्त्रज्ञ म्हणेल, संपत्ती वाढवता येते, एकाचा नफा म्हणजे दुसऱ्याचा तोटा नव्हे. आक्षेप बरोबर आहे. पण शहरातली जागा किंवा उन्हाळ्यातलं विहिरीचं पाणी घ्या. तिथे अक्वायनस अजून खरे ठरतात.

आता 1891 कडे येऊ. कारखान्यांच्या युरोपात पोप लिओ तेरावे यांनी 'रेरुम नोव्हारुम' हे परिपत्रक काढलं. त्यांनी समाजवाद नाकारला आणि मालकी हा नैसर्गिक हक्क मानला. अक्वायनसपेक्षा हा सूर वेगळा वाटतो, आणि अभ्यासकांत यावर वाद आहे. पण लिओंचा युक्तिवाद बघा: मजुरानं मजुरीतून पैसे वाचवून जमिनीचा तुकडा घेतला, तर ती जमीन म्हणजे त्याची मजुरीच, दुसऱ्या रूपातली. शक्य तितक्या लोकांना मालक होता यावं, ही त्यांची इच्छा होती. आणि मजुरीबद्दल ते म्हणाले, दोघांनी करार केला म्हणून तो न्याय्य ठरत नाही. काटकसरी मजुराचं पोट भरेल एवढी मजुरी हवीच. गरजेपोटी त्यानं कमी मजुरी कबूल केली, तर ती संमती नव्हे, बळजबरी.

पुढे 1987 मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी खासगी मालमत्तेवर 'सामाजिक गहाण' असतं असं म्हटलं. आपल्याला हे सातबाऱ्यावरून लगेच कळेल. जमीन नावावर असते, पण 'इतर हक्क' रकान्यात बोजा चढलेला असतो. मालकी खरी, आणि बोजाही खरा.

हे सगळं दूरचं वाटत असेल तर घरात बघू. कामाला येणाऱ्या बाईंना आपण पगार कशावरून ठरवतो? 'चालू रेट आहे, त्यांना मान्य आहे', असंच ना? आम्हीही वर्षानुवर्षं हेच म्हणत आलो. लिओंच्या कसोटीवर ते टिकत नाही, कारण त्यांना नाही म्हणण्याची सोय होती का, हे आम्ही कधी विचारलंच नव्हतं. ईश्वर मानणं न मानणं ज्याचं त्याचं. हा प्रश्न मात्र दोघांनाही चुकत नाही.

इथे थांबू. प्रश्न असतील तर जरूर विचारा.