उडालेल्या बल्बचा सिनेमा

लेखांक 7

गेल्या आठवड्यात यात्रेतला सिनेमाचा तंबू उभा राहण्यापासून रात्रीचा शेवटचा खेळ सुटेपर्यंतचा दिवस आपण पाहिला. पण आम्हा पोरांचा खरा सिनेमा तंबू उठल्यावर सुरू व्हायचा, आणि तो सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही.

पालच्या खंडोबाची यात्रा पौषात भरते. देवाचं लग्न लागतं, तारळी नदीच्या वाळवंटात भंडाऱ्याने माणसं पिवळी होतात. पाळणे, मिठाईची दुकानं आणि तंबू चार-आठ दिवस राहतात, मग हळूहळू उठतात. ज्या सकाळी तंबूचे खुंटे उपटले जायचे, त्या सकाळी आम्ही सात-आठ जण न्याहारी न करता तिथं हजर. जिथं प्रोजेक्टर होता तेवढीच जागा आम्हाला हवी असायची. तिथं धुळीत प्रोजेक्टरच्या दिव्यात जळून विझलेल्या कार्बनच्या कांड्यांचे तुकडे पडलेले असत, विडीची थोटकं असत आणि नशीब असलं तर फिल्मच्या पट्ट्या.

पट्ट्या तिथं का पडायच्या, हे आधी सांगायला हवं. आमच्यापर्यंत येणारी प्रिंट शहरातून, तालुक्यातून, दहा जत्रांतून फिरून आलेली असायची. फिल्मच्या कडेच्या भोकांत दातेरी चाकं अडकून ती पुढं सरकते. भोकं झिजली की फिल्म अडखळते, तटकन तुटते. तंबूत अंधार होतो, शिट्ट्या सुरू होतात. ऑपरेटर फाटलेल्या जागेच्या अलीकडच्या-पलीकडच्या काही चौकटी कापून टाकायचा, एका टोकावरचा थर ब्लेडने खरवडायचा, फिल्म सिमेंटचा थेंब लावून दोन्ही टोकं दाबून धरायचा आणि खेळ पुन्हा चालू. कापलेला तुकडा पायाशी.

म्हणजे प्रत्येक गावात सिनेमा थोडा थोडा आखूड होत यायचा. दादरला लोकांनी पाहिलेला ‘पांडू हवालदार’ आणि आम्ही पाहिलेला ‘पांडू हवालदार’ एकच नव्हता. आमच्यात एक गाणं मधेच उडी मारायचं. पुढं कित्येक वर्षांनी ते गाणं मी अखंड ऐकलं, तर मधलं कडवं मला कुणीतरी मागाहून घातल्यासारखं वाटलं.

पडद्यावर सेकंदाला 24 चौकटी जातात. एका फुटात 16 चौकटी. अडीच तासांचा सिनेमा म्हणजे साधारण साडेतेरा हजार फूट फिल्म, दोन लाखांहून जास्त चित्रं. त्यातली 14 मला एका वर्षी सापडली. ‘पिंजरा’मधली, संध्याबाई नाचताना. 14 चौकटी म्हणजे अर्ध्या सेकंदाहून किंचित जास्त. तेवढा नाच माझा होता. ती पट्टी मी कंपासपेटीत कर्कटकाखाली ठेवली होती. वर्गात व्यवहार चालायचा, दादा कोंडक्यांची एक चौकट म्हणजे पाच गोट्या. नुसतं झाड किंवा रिकामा रस्ता असेल तर कुणी एक गोटीही देत नसे.

आता या चौकटी भिंतीवर दाखवायचं आमचं यंत्र. घरातला बल्ब उडाला की तो फेकायचा नाही, अशी घरी ताकीद होती. खिळ्याने बल्बच्या बुडाची काळी काच हलक्या हाताने फोडायची, आतली दांडी आणि तार काढायची, पाणी भरायचं आणि तोंड मेणाने बंद करायचं. पाणी भरलेला गोल बल्ब हा उत्तम भिंग असतो. बुटाचं खोकं घ्यायचं, एका बाजूला चौकटीएवढं भोक, समोरच्या बाजूला बल्ब. खोलीची दारं-खिडक्या लावून घ्यायच्या, फटी पोत्याने बुजवायच्या, एकच झरोका ठेवायचा. अंगणात एक जण आरसा घेऊन बसणार आणि ऊन झरोक्यातून खोक्यावर मारणार. समोर भिंतीवर आजोबांचं धोतर. भिंगातून चित्र उलटं पडतं, म्हणून पट्टी खाली डोकं वर पाय करून धरायची. मग बल्ब पुढं-मागं करत राहायचं. आधी धोतरावर नुसता पिवळा डाग थरथरतो, मग त्यात रंग उतरतात, आणि एका क्षणी अचानक माणूस उभा राहतो, हातभर उंचीचा, डोळे-नाक सगळं स्पष्ट. त्या क्षणी खोलीत सगळ्यांचा श्वास थांबलेला मला अजून ऐकू येतो.

आरसा धरणाऱ्याला आत येता येत नसे. सूर्य सरकतो, दर दोन मिनिटांनी आरसा हलवावा लागतो. म्हणून पाळ्या होत्या.

पट्टी भराभर ओढली तर संध्याबाई नाचतील, अशी आमची खात्री होती. ओढली की धोतरावर नुसता रंगांचा ओघळ. खूप नंतर एका म्हाताऱ्या ऑपरेटरने मला कारण दाखवलं. प्रोजेक्टरमध्ये फिल्म सलग धावतच नाही. चार खाचांचं एक छोटं चक्र तिला ओढतं आणि थांबवतं, सेकंदात 24 वेळा. सरकताना मधे पडदी येऊन उजेड अडवते. आपण पाहतो ती फक्त थांबलेली चित्रं. हालचाल आपल्या डोळ्यांत घडते.

त्यांनीच मला दुसरी गोष्ट सांगितली, आणि ती ऐकून मी बराच वेळ गप्प होतो. पट्टीच्या कडेला चौकटींच्या शेजारून एक बारीक नागमोडी पांढरी रेघ जाते. तो आवाज. पण चौकटीशेजारी त्याच चौकटीचा आवाज नसतो. चित्र दाखवण्याची खिडकी वर आणि आवाज वाचणारा दिवा खाली, म्हणून आवाज चित्राच्या सुमारे 20 चौकटी आधी छापलेला असतो. फिल्म तुटून जोडली की आधी चित्र उडी मारायचं आणि जेमतेम सेकंदाने शब्द तुटायचा, तो यामुळेच. माझ्या 14 चौकटींतल्या नाचाचे घुंगरू माझ्या पट्टीवर नव्हतेच. ते शेजारच्या तुकड्यावर होते, दुसऱ्या कुणाच्या तरी कंपासपेटीत. माझ्याजवळ होता तो पुढच्या कुठल्यातरी पावलाचा आवाज.

1975 सालचा ‘जय संतोषी माँ’ आमच्या यात्रेत तीनेक वर्षांनी आला. बायका चपला तंबूबाहेर काढून आत जायच्या. त्या खेळाच्या तुकड्यांत मला संतोषी माता झालेल्या अनिता गुहांची नऊ चौकटींची पट्टी मिळाली. ती मी खोक्यात लावली तेव्हा आजी पहिल्यांदाच आमच्या अंधाऱ्या खोलीत येऊन बसली. धोतरावर देवी उमटली. आजीने पदर डोक्यावर घेतला, हात जोडले आणि बल्ब हलवू नको म्हणाली. खेळ संपल्यावर तिने पट्टी मागून घेतली आणि देव्हाऱ्यात टाकांशेजारी उभी केली. पुढं रोज तिला हळदीकुंकू लागलं.

त्या काळच्या रंगीत फिल्मचा निळसर रंग सगळ्यात आधी उडतो. मागे उरतो तो लाल. घर विकताना देव्हारा मी माझ्याकडे आणला. पट्टी तशीच आहे, वळून थोडी आखडली आहे आणि नाकाशी नेली की व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो. फिल्म जुनी होऊ लागली की असा वास सुटतो. उजेडात धरली तर नऊही चौकटी गुलाबी दिसतात. कुठपर्यंत हा उडालेला रंग आणि कुठून आजीचं कुंकू, ते मला वेगळं करता येत नाही.