बोटांना वाट सापडेल असा लॅपटॉप

तलासरी तालुक्यातून एका मातेचे पत्र आले आहे. मुलाला रेटिनायटिस पिग्मेंटोजा हा दृष्टिपटलाचा आनुवंशिक विकार. आधी रातांधळेपणा आला, मग नजर बाजूंनी आकसत गेली आणि आता छापील अक्षर वाचता येत नाही. पडद्यावरचे वाचून दाखविणारा लॅपटॉप घेतला, पण बटणे सापडत नाहीत. मुलगा कॉलेज सोडायचे म्हणतो.

ताई, त्याला एवढ्यात कॉलेज सोडू देऊ नका. डहाणू-तलासरीकडच्या अशा मुलांबरोबर मी पुष्कळदा बसलो आहे. बहुतेकांची अडचण हीच असते आणि ती दूर करण्यास फारसा खर्च येत नाही.

मोठ्या कीबोर्डला उजवीकडे आकड्यांचा वेगळा चौकोन असतो. वाचून दाखविणाऱ्या प्रणालीच्या पुष्कळशा आज्ञा त्यावर बेतलेल्या असतात. लहान लॅपटॉपला तो चौकोनच नसतो. 'इन्सर्ट' हे मुख्य बटण कुठेतरी कोपऱ्यात असते, कधी दुसऱ्या बटणाबरोबर दाबावे लागते. ते शोधताना हात जागेवरून हलतो आणि मुलगा चुकतो.

'एनव्हीडीए' ही प्रणाली मोफत मिळते. ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या अंध तरुणाने 2006 साली ती लिहावयास घेतली. ती प्रथम सुरू करताच एक चौकट येते. तीत मांडणी 'लॅपटॉप' निवडावी आणि 'कॅप्स लॉक' हे मुख्य बटण म्हणून वापरण्याच्या पर्यायावर खूण करावी. कॅप्स लॉक डाव्या करंगळीशेजारीच असते. मग कॅप्स लॉक आणि 'ए' दाबले की पुढचे सलग वाचले जाते, 'एल'बरोबर चालू ओळ, आणि 'शिफ्ट' व 'बी'बरोबर बॅटरी किती उरली ते कळते. पावसाळ्यात आपल्याकडे वीज कशी जाते ते ठाऊकच आहे! बोलणे थांबवायला नुसते 'कंट्रोल' पुरते.

सरावासाठी कॅप्स लॉक आणि 1 दाबावे. यानंतर कोणतेही बटण दाबले तरी ते फक्त आपले नाव सांगते, काही बिघडत नाही. पुन्हा तेच दाबले की नेहमीचे काम सुरू. मुलाला दोन दिवस एवढेच करू द्यावे.

आता खुणा. 'एफ' आणि 'जे' या बटणांवर बारीक उंचवटा असतो. दोन्ही तर्जन्यांचे घर ते. धूळ बसू नये म्हणून कीबोर्डवर घालतात ते रबरी आवरण आधी काढून टाका, त्याखाली हे उंचवटे हरवतात. लॅपटॉप बंद असताना वरून फडके टाकले की झाले. त्यानंतर 5 चा आकडा, वरच्या रांगेतील एफ 4 व एफ 8, 'डिलीट' आणि खालचा बाण एवढ्यांवरच उठावाच्या टिकल्या चिकटवा. टिकल्या न मिळाल्यास लॅपटॉप बंद करून काडीच्या टोकाने नेलपॉलिशचा थेंब ठेवावा, वाळल्यावर दुसरा, आणि रात्रभर हात लावू नये. काही हौशी मंडळी प्रत्येक बटणावर काहीतरी डकवतात. सगळेच खडबडीत झाले तर बोटाला ओळख कशाची पटणार?

मराठीसाठी 'इनस्क्रिप्ट' मांडणी शिकवावी. स्वर व त्यांच्या खुणा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजने उजव्या हाताला. 'एफ'च्या उंचवट्यावर ऱ्हस्व वेलांटी आणि 'जे'वर 'र', म्हणजे आपली लिपीही त्याच घरातून सुरू होते. 'ळ' मात्र शिफ्ट आणि 'एन'वर आहे. विंडोज आणि स्पेस ही बटणे मिळून दाबल्यास भाषा बदलते. मराठी वाचणारा आवाज यांत्रिक वाटतो, पण आठवड्याभरात कान सरावतो.

बसण्याकडेही पाहावे. थोडेसे दिसणारी मुले सवयीने पडद्याला नाक लावतात. मग मान आखडते, खांदे भरून येतात. ऐकून काम करायचे तर वाकण्याची गरज नाही. मांडी घालून बसल्यास लॅपटॉप ठेंगण्या चौरंगावर असा ठेवावा की कोपर काटकोनात राहील. मनगट कडेवर दाबू नये, अर्ध्या तासाने उठावे. हेडफोन एकाच कानाला, आवाज बेताचा.

आणि ताई, लॅपटॉप जमू लागला म्हणून नेत्रतज्ज्ञांकडील फेरी चुकवू नका. या विकारात मोतीबिंदूही होऊ शकतो, आणि त्यावर उपचार आहेत.