नसलेल्या खोकल्याची नोंद

अमेरिकेत १९६५ साली कोलोरॅडो विद्यापीठात लॉरेटा फोर्ड ही परिचारिका आणि हेन्री सिल्व्हर हे बालरोगतज्ज्ञ यांनी ‘नर्स प्रॅक्टिशनर’ घडवणारा अभ्यासक्रम सुरू केला. निदान आणि उपचार स्वतः ठरवणारी ही परिचारिका निर्णय कसा घेते, हे शोधताना मला घसादुखीचे उदाहरण सर्वांत बोलके वाटले.

बहुतेक घसादुखी विषाणूंमुळे होते. तिथे प्रतिजैविक निरुपयोगी. पण स्ट्रेप्टोकोकस जिवाणू नजरेतून सुटला, तर क्वचित ऱ्हुमॅटिक ताप येऊन हृदयाच्या झडपांना इजा होते. रॉबर्ट सेंटर यांनी १९८१ मध्ये प्रौढांसाठी चार खुणा मांडल्या: ताप, टॉन्सिलवर पू, मानेत पुढच्या बाजूला दुखऱ्या गाठी आणि खोकला नसणे. त्यांच्या पाहणीत चारही खुणा असलेल्यांपैकी सुमारे ५६ टक्क्यांनाच हा जिवाणू निघाला. म्हणून दोनपेक्षा कमी खुणा असतील, तर सहसा चाचणीही करत नाहीत. अधिक असतील, तर आधी घशाचा स्वॅब, मग पेनिसिलिन.

मला चौथी खूण मोलाची वाटते. रुग्ण जे सांगत नाही, तेही विचारून नोंदवायचे असते. औषध न देणे हाही निर्णयच; मात्र ‘गिळायला वा श्वासाला त्रास झाला तर लगेच या’ हे सांगितल्यावरच तो पुरा होतो.